नटिंग यांच्या चित्रांत रंग कोणी भरले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील वॉलेस नटिंग (१८६१-१९४१) यांच्या, कृष्णधवल छापून वर हाताने रंगवलेल्या निसर्गछायाचित्रांवरचा लेख वाचला. प्रकृतीने साथ सोडली म्हणून धर्मोपदेशकाचे काम बंद करून १९०४ मध्ये न्यू यॉर्कला स्टुडिओ थाटणारा हा गृहस्थ मराठीत सहसा भेटत नाही, त्यामुळे लेखाचे स्वागतच आहे. मात्र त्यात जागोजागी 'नटिंग यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली चित्रे' असे आले आहे. तेवढ्यापुरते हे पत्र.

आपली एक कोटी चित्रे खपली, असा नटिंग यांचाच दावा होता. दावा फुगवलेला असेल; दहावा हिस्सा धरला तरी एका माणसाने इतके कागद रंगवणे शक्य आहे का? स्टुडिओ पुढे कनेक्टिकटमधल्या साउथबरीला आणि १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमला गेला. भरभराटीच्या दिवसांत तिथे दोनशेच्या आसपास माणसे कामाला होती आणि रंगकामाला बहुतेक बायका-मुली. समोर नमुन्याचे चित्र ठेवायचे आणि त्याबरहुकूम रंग भरायचे, अशी पद्धत.

हे काम किती नाजूक असते, ते मी जाणतो. कोल्हापुरात एका स्टुडिओत मी बरीच वर्षे ब्रोमाइड प्रिंट, म्हणजे जिलेटिनचा थर असलेल्या कागदावरचे कृष्णधवल फोटो, रंगवले आहेत. नटिंग यांचे प्रिंट बहुधा प्लॅटिनमचे, म्हणजे प्लॅटिनम धातूने प्रतिमा उमटवलेले, असत. त्यात प्रतिमा जिलेटिनच्या थरात नसते, कागदाच्या धाग्यांतच मुरलेली असते. पृष्ठभाग मॅट, त्यामुळे जलरंग छान धरतो. पण धरलेला रंग पुसून काढता येत नाही. रंग पातळच हवा, कारण छायाप्रकाशाचे काम फोटोने आधीच केलेले असते. जरा दाट झाला की सावली बुजते आणि झाड सपाट दिसू लागते. नटिंग यांचा आवडता विषय म्हणजे बहरलेली सफरचंदाची झाडे. त्या बहरात गुलाबी छटा थोडी जास्त झाली, तर फुले कागदाची वाटणार! बर्च झाडांच्या पांढऱ्या खोडांच्या मधून पाण्याचा निळा रंग काढताना तर हात थरथरून चालत नाही.

आता सहीबद्दल. चित्राखाली डावीकडे चित्राचे नाव आणि उजवीकडे 'वॉलेस नटिंग' ही सही. तीही पुष्कळदा स्टुडिओतल्याच कुणा बाईच्या हातची असे. आज संग्राहक सहीच्या वळणावरून चित्राचा काळ ठरवतात, तो त्यामुळेच. गंमत अशी, की पुढे याच नटिंग यांनी जुन्या घाटाच्या खुर्च्या-टेबले बनवून विकली, तेव्हा कुणी ती अस्सल जुनी म्हणून खपवू नयेत यासाठी लाकडावर आपले नाव डागण्याची खबरदारी घेतली.

'तेव्हा रंगीत छायाचित्रण नव्हते' हे लेखातले वाक्यही पुरते बरोबर नाही. फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंच्या, रंगीत फोटो काढण्याच्या 'ऑटोक्रोम' काचा १९०७ पासून बाजारात होत्या. पण ती काच उजेडासमोर धरून बघायची, आणि एका काचेचे एकच चित्र. लग्नात भेट द्यायला, दिवाणखान्यात टांगायला स्वस्त प्रती हव्या होत्या. त्या या बायकांच्या कुंचल्यांतून निघाल्या.

नटिंग यांची नजर मी नाकारत नाही. ओढ्याकाठची वळणावळणाची वाट नेमकी कुठून टिपायची, हे त्यांनाच कळत होते, आणि धंद्याची अक्कलही त्यांचीच. एवढेच सुचवतो, की ही चित्रे पुन्हा छापाल तेव्हा खाली 'छायाचित्र : वॉलेस नटिंग, रंग : त्यांच्या स्टुडिओतील स्त्रिया' असे द्यावे. नावे मिळाली नाहीत तरी एक ओळ देता येईल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर