मधले दोन खंड

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

येत्या नाताळाला मी येत नाही आणि इथला मुक्काम आणखी एक वर्ष वाढवला आहे, हे फोनवर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहीत आहे. मुदतवाढीच्या कागदावर सहीही केली. आधी विचारायला हवे होते, चुकलो.

बाबा, ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) इतिहासकार फिलिप शाफ यांच्यावरचा प्रबंध घाईने उरकण्याजोगा नाही. स्वित्झर्लंडमधील कूर गावचा, बालपणीच वडील गेलेला हा मुलगा ट्यूबिंगेन, हाले आणि बर्लिन येथे शिकला आणि १८४४ साली, पंचविसाव्या वर्षी, याच राज्यातील मर्सर्सबर्गच्या सेमिनरीत, म्हणजे जर्मन रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, शिकवू लागला. धर्मसुधारणा म्हणजे मध्ययुगीन मंडळीशी तोडलेले नाते नव्हे, ती तिच्याच झाडाला आलेले फळ आहे, असे त्यांनी मांडताच पाखंडाचा आरोप झाला. १८४५ मध्ये यॉर्कच्या सिनडने, म्हणजे पंथाच्या धर्मसभेने, त्यांना निर्दोष ठरवले. त्यांचे त्या काळचे पुष्कळ लेखन जर्मनमध्ये आहे आणि माझे जर्मन वाचन अजून अडखळत चालते. वर्ष लागते ते त्यासाठी.

आई, खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते, तुझी गोधडी रोज अंगावर असते. ताप आला की बाबा उशाशी बसून चौथ्या शतकातील निकियाच्या धर्मसभेची गोष्ट सांगत आणि मी झोपलो तर दुसऱ्या रात्री नेमकी तिथूनच पुढे नेत, हे इथे फार आठवते.

बाबा, १८९२ मध्ये शाफ यांना पक्षाघात झाला. तरीही, डॉक्टरांनी बजावले असताना, १८९३ च्या सप्टेंबरात ते शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, आणि २० ऑक्टोबरला वारले. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही; तुमचा झटका सौम्य होता आणि तुम्ही छान सावरला आहात. पण आपल्या मंडळीच्या इतिहासासाठी उन्हातून गावोगाव बाप्तिस्म्याच्या नोंदी उतरवत फिरणे आता बंद करा. रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर लगेच घ्या. आई, गोळ्या तू मोजत जा.

तुमच्या कपाटातील शाफ यांच्या इतिहासाच्या आठ खंडांपैकी पाचवा आणि सहावा त्यांच्या मागे त्यांचा मुलगा डेव्हिड याने लिहिला. आपल्याकडे तशी वेळ येणार नाही. आपल्या मंडळीच्या इतिहासातील राहिलेली वर्षे आपण दोघे शेजारी बसूनच लिहू. तोवर वह्या लोखंडी पेटीत ठेवा, डांबराच्या गोळ्या घाला आणि किल्ली आईकडे द्या.

तुमचा,
बाळू