कोंबडीची रक्ती हगवण शेळीला लागत नाही

संपादक महोदय,

करडांना हगवण लागली की खापर कोंबड्यांवर फोडायचे, कोंबड्यांनी रक्त टाकले की सशांचे पिंजरे हलवायचे, हा सल्ला अजूनही छातीठोकपणे दिला जातो. ही हगवण लावणारा ‘कॉक्सिडिया’ नावाचा एकच परजीवी सगळ्या जनावरांत हिंडतो, असा त्यामागचा समज आहे. तो चुकीचा आहेच, शिवाय त्यापायी जमिनीतला ओलावा काढण्याचे खरे काम राहून जाते.

कोंबडी, शेळी, मेंढी, गाय, ससा यांना त्रास देणारा कॉक्सिडिया मुख्यतः आयमेरिया या कुळातला. त्याच्या जाती यजमानाशी, म्हणजे ज्या प्राण्यात त्या वाढतात त्याच्याशी, इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की कोंबडीतल्या पूर्वापार मान्य सातही जाती कोंबडीतच वाढतात. त्यातही जागा वाटलेल्या: आयमेरिया टेनेला सीकममध्ये (आंधळ्या आतड्यात), असर्व्हुलिना आतड्याच्या सुरुवातीला, मॅक्सिमा मधल्या भागात. एका जातीविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीपासून वाचवत नाही. कोंबडीच्या विष्ठेतले ऊसिस्ट (परजीवीची अंड्यासारखी कवचबंद अवस्था) शेळीच्या पोटात गेले, तर ते न उघडता तसेच बाहेर पडतात किंवा उघडूनही आतड्याच्या पेशीत त्यांची वाढ पूर्ण होत नाही. शेळीच्या लेंडीत ते दिसले, तरी शेळीला लागण झाली असे नव्हे.

शेळी आणि मेंढीच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांचीही बराच काळ फसगत झाली. दोघींचे ऊसिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, म्हणून नावेही एकच वापरली गेली. एकीचे ऊसिस्ट दुसरीला पाजण्याचे प्रयोग झाले तेव्हा लागण झाली नाही, आणि जाती वेगळ्या कराव्या लागल्या. आज करडांत निनाकोहल्याकिमोवी आणि कोकरांत ओव्हिनॉयडॅलिस अशी वेगळी नावे आहेत. अपवादही आहेत, उदाहरणार्थ आयमेरिया डिस्पर्सा बटेर आणि टर्की या दोन्ही पक्ष्यांत वाढते. पण पक्ष्यातून शेळीत उडी, असा अपवाद नाही.

मग करडाला लागण होते कुठून? आईच्या आणि मोठ्या करडांच्या लेंड्यांतून. ताजा ऊसिस्ट निरुपद्रवी असतो. ओल, हवा आणि २५ ते ३० अंश ऊब मिळाली की साधारण दोन ते काही दिवसांत तो पिकतो आणि मग लागण करतो. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीची हातभर ओली जागा हेच बहुतेक उद्रेकांचे मूळ. तिथले तूस मुठीत दाबून पाहा. गोळा तसाच राहिला तर तूस बदलायलाच हवे. भांडी पाठीच्या उंचीवर टांगा, गव्हाणीत पाय पडणार नाहीत अशी आड लावा, वयाचे गट वेगळे ठेवा. फिनेल किंवा ब्लीच शिंपडून ऊसिस्ट मरत नाहीत. आधी खरवडून काढणे, मग वाफ किंवा उकळते पाणी, आणि शेवटी कडकडीत वाळवणे हाच उपाय. एका खुराड्यातून दुसऱ्यात जाताना बूट बदला, कारण तिथे यजमान तोच आहे.

औषधातली एक नेहमीची चूक म्हणजे कॉक्सिडियावरच्या अ‍ॅम्प्रोलियमसोबत ब जीवनसत्त्वाचे टॉनिक देणे. हे औषध थायमिनची, म्हणजे ब१ ची वाट अडवून काम करते. सोबत ब१ पाजले की त्याचा जोर कमी होतो. टॉनिक द्यायचे तर औषधाचे दिवस संपल्यावर. याहून गंभीर चूक म्हणजे कोंबड्यांचे उरलेले खाद्य घोड्यापुढे टाकणे. त्यात मोनेन्सिन हे कॉक्सिडियारोधक औषध असेल तर वजनाच्या किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम एवढ्यावरही घोडा हृदय निकामी होऊन मरू शकतो. परजीवी यजमान ओलांडत नाही, खाद्यातले औषध मात्र सहज ओलांडते, आणि याची भीती फारशी कोणी घालत नाही.

खरोखर यजमान ओलांडणारे परजीवी वेगळे. टोक्सोप्लाझ्माचे ऊसिस्ट फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून पडतात, पण लागण कोणत्याही उष्ण रक्ताच्या प्राण्याला होते आणि गाभण मेंढ्या गाभडतात. ऊसिस्ट पिकायला १ ते ५ दिवस लागतात, म्हणून मांजराची विष्ठा रोजच्या रोज काढावी आणि धान्य-खाद्य झाकून ठेवावे. गरोदर स्त्रीने हे काम करू नये, व्यायलेल्या मेंढीची वारही हाताळू नये. गायी गाभडवणारा निओस्पोरा हा परजीवी कुत्रा आणि गाय यांच्यात फिरतो. वार आणि गाभडलेला गर्भ कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये. हा परजीवी गायीकडून पोटातल्या वासरालाही जातो, त्यामुळे नुसता कुत्रा हाकलून भागत नाही. पूर्वी कॉक्सिडियात धरला जाणारा क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम हगवण लागलेल्या लहान वासरांकडून माणसाला होतो. पाण्यातल्या क्लोरीनला तो दाद देत नाही, पाणी उकळावेच लागते.

शेवटी प्रयोगशाळांना एक विनंती. ‘कॉक्सिडिया आढळले’ एवढ्यावर अहवाल थांबवू नका. सशाच्या लेंड्या खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेत सशाचेच ऊसिस्ट दिसतात आणि निरोगी कुत्र्यावर उपचार सुरू होतात. नमुना २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये पातळ थरात काही दिवस ठेवा, म्हणजे ऊसिस्ट पिकतील. आत चार कोश आणि प्रत्येकात दोन बीजाणू दिसले तर तो आयमेरिया, म्हणजे कुत्र्याने खाल्लेला. दोन कोशांत चार-चार दिसले तर बहुधा कुत्र्याचा स्वतःचा सिस्टोआयसोस्पोरा. कुत्र्याला दोन-तीन दिवस बांधून ठेवून पुन्हा तपासले तरीही उलगडा होतो. अहवालावर कुळाचे नाव आणि जनावराचे वय लिहिले, तर पशुवैद्यकाला औषध द्यायचे की नाही हे त्याच दिवशी ठरवता येईल.

आपले,
पशुपरजीवीशास्त्राचे काही अभ्यासक