कागद दाबून धरणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

काल प्रबंध जमा केला. घरी येऊन आधी रडले, मग हे लिहायला बसले.

संत्र्याच्या सालीचा अर्क लोखंडाला आम्लात गंजू देत नाही, हे माझ्या पट्ट्यांचं वजनच सांगत होतं. लिटरमागे 400 मिलिग्रॅम अर्क घातला की झीज 89 टक्क्यांनी कमी. पण तो अर्क लोखंडाला किती घट्ट चिकटतो याची ऊर्जा काढली की उत्तर मोलमागे उणे 0.26 किलोज्यूल. (उणे आकडा जितका मोठा, तितकी पकड घट्ट.) म्हणजे जवळपास चिकटतच नाही! मग वाचवतो कसा?

चार महिने हा प्रश्न घेऊन दारोदार फिरले. एका सरांनी ‘आर-स्क्वेअर 0.999 आहे ना, मग झालं’ म्हणून फाइल मिटली. (आर-स्क्वेअर म्हणजे बिंदू सरळ रेषेवर किती नीट बसतात त्याचं माप; 1 म्हणजे अगदी नेमके.) (ती रेषा लँगम्यूरच्या आलेखातली, अर्क किती आणि लोखंडाचा पृष्ठभाग किती झाकला हे जोडणाऱ्या. त्या आलेखात दोन्ही अक्षांवर सांद्रताच असते, रेषा सरळ येणारच, हे तुमच्याकडून कळलं.) दुसरे म्हणाले, ‘उणे वीसच्या आसपास काहीतरी लिहून टाक, भौतिक अधिशोषण, म्हणजे रासायनिक बंधाशिवायचं चिकटणं, म्हणून खपून जाईल.’ तो आकडा खऱ्याच्या किती जवळ होता हे आठवलं की अजून संताप येतो.

तुम्ही माझ्या ऊर्जेच्या सूत्रावर बोट ठेवून एवढंच विचारलंत, ‘हे 55.5 कशाचे?’ लिटरभर पाण्यातले मोल. आणि त्याला गुणायचा माझा आलेखातून काढलेला स्थिरांक मिलिग्रॅममधला! सालीच्या अर्कात शंभर पदार्थ, त्याला एक रेणुभार कुठून आणायचा? मग पाणीही मिलिग्रॅममध्येच घ्यायचं, लिटरला दहा लाख.

पण काका, मला ते गणित नाही आठवत. आठवते ती मे महिन्यातली दुपार. तुम्ही कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलंत आणि माझे कागद भरभर उडायला लागले. ‘उडून राहिले बाप्पा, मी धरतो, तू कर हिशोब.’ दोन्ही तळवे कागदांवर ठेवून, घामाघूम होत, तुम्ही तासभर समोर बसलात. मधे दोनदा चुकले. तुम्हाला दिसत होतं, तरी बोलला नाहीत. उणे 24.9 माझ्याच पेनातून उतरलं.

आमच्या खात्यात हुशार माणसं पोत्याने आहेत. समोरच्याला मठ्ठ वाटू न देणारी मात्र मी फार पाहिली नाहीत.

प्रबंधात नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून इथेही घातलेलं नाही. रविवारी येते. काकूंना सांगा, कूलरमध्ये पाणी मी भरेन.

तुमची,
सालवाली पोरगी