उन्हाळी कार्यशाळेत समीक्षेला तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की आपल्या कलाविषयक पानावर चित्रकला कार्यशाळांच्या बातम्या सुरू होतात. मुलांच्या आणि हौशी मंडळींच्या शिबिरांबद्दल मला काही म्हणायचे नाही, ती हवीतच. ज्या कार्यशाळा ‘कार्यरत चित्रकारांसाठी’ म्हणून जाहीर होतात, त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

त्यांचे वेळापत्रक पाहिले की एकच साचा दिसतो. सकाळी ज्येष्ठ चित्रकाराचे प्रात्यक्षिक, दुपारी सगळ्यांचे काम, शेवटच्या संध्याकाळी चित्रांची मांडणी, प्रमाणपत्रे आणि फोटो. समीक्षा असलीच तर त्या मांडणीपूर्वीच्या अर्ध्या तासात उरकली जाते. वीस चित्रे आणि अर्धा तास, म्हणजे एका चित्राला दीड मिनिट. एवढ्या वेळात ‘वॉशेस (पातळ रंगाचे थर) फ्रेश आहेत’ यापलीकडे कोण काय बोलणार?

वर्षानुवर्षे रंगवत असलेल्या माणसाला ब्रश कसा धरायचा हे शिकायचे नसते. त्याची अडचण वेगळी असते. कलाशाळा सुटली की त्याच्या चित्राबद्दल त्याला स्पष्ट सांगणारे कोणी उरत नाही. गॅलरीवाला काय खपते ते सांगतो, मित्र कौतुक करतात आणि मोबाइलवर बदाम उमटतात. चित्र अडते ते मात्र त्याचे त्यालाच कळत असते; का अडले हे कळत नाही. अशा माणसाला दुसऱ्याने झरझर रंगवलेले निसर्गचित्र दाखवून आपण नेमके काय देतो? टाळ्या वाजवायची संधी. (प्रात्यक्षिक बघायला मलाही आवडते, पण तो कार्यक्रम झाला, कार्यशाळा नव्हे.)

पूर्वीच्या नावाजलेल्या उन्हाळी शाळांमध्ये समीक्षेचे स्थान मोठे होते. अमेरिकन चित्रकार विल्यम मेरिट चेस यांनी १८९१ ते १९०२ या काळात न्यूयॉर्कजवळच्या शिनेकॉक इथे उन्हाळी शाळा चालवली. ते आठवड्यातले दोनच दिवस शिकवत, आणि त्यातला सोमवार सर्वांसमोर चित्रांची चिकित्सा करण्यात जाई. त्यांचेच विद्यार्थी चार्ल्स हॉथॉर्न यांनी १८९९ मध्ये अमेरिकेतल्याच प्रॉव्हिन्सटाउन या गावी शाळा काढली. तिथे मॉडेल उन्हाकडे पाठ करून बसे, चेहरा टोपीच्या सावलीत असे आणि विद्यार्थ्यांच्या हाती ब्रशऐवजी रंग लावायची चपटी सुरी. नाकडोळे काढायची सोयच नव्हती, रंगाशेजारी रंग ठेवणे एवढेच शक्य होते. पुढे त्याच गावात चित्रकार हान्स हॉफमन शिकवत. ते विद्यार्थ्याचे रेखाटन सरळ फाडत आणि तुकडे सरकवून रचनेतला ताण दाखवून देत. विद्यार्थ्यांसाठी हे ठीक असेल. स्वतःची वाट असलेल्या चित्रकाराच्या कॅनव्हासला मात्र मार्गदर्शकाने हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जरा ब्रश द्या, दाखवतो’ असे म्हणून दोन फटकारे मारले की ते चित्र मूळ चित्रकाराचे राहत नाही.

चित्रकारांसाठीच्या कार्यशाळेचे खरे उदाहरण कॅनडातले, सस्कॅचेवान प्रांतातील एमा लेकचे. १९५५ मध्ये चित्रकार जॅक शॅडबोल्ट यांच्यापासून तिथे व्यावसायिकांसाठी साधारण दोन आठवड्यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. १९५९ मध्ये अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमन आले. ते तिथे रंगवायला बसलेच नाहीत. चित्रकारांशी बोलले, त्यांचे काम पाहिले. मोठमोठ्या कलाकेंद्रांपासून दूर काम करणाऱ्यांना त्या बोलण्याने बळ दिले. शिल्पकार अँथनी कॅरो १९७७ मध्ये एमा लेकला मार्गदर्शक होते. १९८२ मध्ये त्यांनी रॉबर्ट लोडर यांच्यासोबत न्यूयॉर्क राज्यात ‘ट्रँगल’ कार्यशाळा सुरू केली आणि त्या धर्तीवर पुढे अनेक देशांत चित्रकार एकत्र येऊ लागले. १९९७ मध्ये दिल्लीजवळच्या मोदीनगरला झालेली ‘खोज’ या कलाकारांच्या संस्थेची पहिली कार्यशाळा याच साखळीतली.

एमा लेकची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६२ मध्ये समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग तिथे आले, त्यांचा प्रभाव पुढे बरीच वर्षे टिकला आणि त्या प्रांतातली चित्रे त्यांच्याच आवडीच्या दिशेने झुकली, असा आक्षेप घेतला गेला. तो मला पटतो. वजनदार माणूस एकटाच बोलू लागला की बाकीचे त्याच्या पसंतीचे रंगवू लागतात. म्हणून समीक्षेला किमान दोन जण हवेत, तेही एकमेकांशी न पटणारे. सहभागी चित्रकारांनीही बोलले पाहिजे. दुसऱ्याच्या चित्रात नेमके काय बिघडले हे शब्दांत मांडताना स्वतःच्या चित्रातला घोळ कळतो, आणि हा फायदा प्रात्यक्षिकातून कधीच मिळत नाही.

बोलायचे कसे, याचीही रीत आहे. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या पद्धतीत पाहणारे आधी आपल्याला काय भावले ते सांगतात. मग कलाकार स्वतःचे प्रश्न विचारतो, त्यानंतर पाहणारे मत न लादता प्रश्न विचारतात, आणि स्वतःचे मत शेवटी, तेही परवानगी घेऊन देतात. परवानगीचा भाग मला जरा अति सभ्य वाटतो. पण कलाकाराने आधी प्रश्न विचारायचा, हे सोन्यासारखे आहे. ‘हे चित्र कसे वाटले?’ याला उत्तर नसते. ‘डावीकडचा गडद आकार नजर बाहेर खेचतो का?’ याला असते.

वेळही नीट निवडावी लागते. ऑइलचा रंग कित्येक दिवस ओला राहतो, म्हणून तिसऱ्या दिवशी ऐकलेले चौथ्या दिवशी सुधारता येते. शेवटच्या संध्याकाळी ऐकलेले फक्त घरी नेता येते. उन्हाळ्यात ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळते, पण त्यावर दुसरा थर लगेच चढवता येतो. उजेडाचे तर हमखास फसते. थेट उन्हात कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही लख्ख दिसतात, त्यामुळे चित्रकार नकळत गडद रंग लावत जातो आणि तेच चित्र घरात काळवंडलेले दिसते. बाहेर केलेले काम सावलीत, सारख्या उजेडात आणि आठ-दहा फुटांवरून पाहिल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये. एकदा उलटे धरून पाहिले तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

आपल्याला विनंती एवढीच. अशा कार्यशाळेची बातमी छापण्यापूर्वी आयोजकांना विचारावे की समीक्षेला किती तास आहेत, ती कोणत्या दिवशी आहे आणि बोलणारे कोण. उत्तर बातमीत द्यावे, मार्गदर्शकांच्या पुरस्कारांची यादी त्यासाठी कापावी लागली तरी चालेल.

आपला,
एक चित्रकार वाचक