त्या बरणीबद्दल

डोंबिवली, रविवार

प्रिय दिल्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे, गुडघे आहेत तसेच आहेत.

लिहायला बसलो ते आजोबांच्या चिनी बरणीमुळे. हो, तीच.

गणपतीनंतर शुभीचा फोन आला. सुरेशरावांचं बायपास करायचं म्हणतात. म्हणाली, "दादा, आता आजोबांची बरणी विकूया. तूच बघ, तुला त्यातलं कळतं." मला कळतं! आईच्या मागे 1998 साली वाटणी झाली तेव्हा मी जे भाषण ठोकलं होतं, त्याचं हे फळ. तू होतास, यादी तूच लिहीत होतास. "पाटल्या काय, कुठेही मिळतील. बादशहाच्या घरची वस्तू मिळणार नाही" असं म्हणून बरणी मी तिच्या ओटीत घातली आणि पाटल्या आमच्याकडे आल्या. लबाडी नव्हती रे. अण्णांनी लहानपणापासून जे सांगितलं तेच मी खरं मानत होतो. तू अंगठीनं टिचकी मारून "चोरबाजारात अशा चार मिळतील" म्हणालास आणि मी तुला जिन्यापर्यंत घालवायलासुद्धा आलो नाही. आठ महिने अबोला. तरी दिल्या, तू जिंकलास असं समजू नकोस. पुढे वाच.

विकायची तर आधी खरं-खोटं बघायला हवं. म्युझियममध्ये टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत ना, तिथे दोन दुपारी काचेला नाक लावून उभा होतो. मग ओळखीतून एका बाईंचा पत्ता मिळाला. आयुष्यभर चिनी भांडी हाताळलेल्या. बरणी टर्किश टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन लोकलनं गेलो. शेजारचा म्हणतो, "काका, अस्थी का?"

बुडाखाली निळ्या दुहेरी वर्तुळात चार अक्षरं आहेत. अण्णा त्याला बादशहाचा शिक्का म्हणायचे. नातवाच्या मोबाइलनं ती दोन सेकंदांत वाचली होती : 'कांगशीच्या काळात घडवलेले'. कांगशी म्हणजे चीनचा बादशहा, 1662 ते 1722. महाराजांना राज्याभिषेक झाला तेव्हा हा तिकडे गादीवर! माझ्या छातीत धडधड. बाई मात्र म्हणाल्या, "नाव आहे म्हणूनच शंका घ्यायची." 1677 मध्ये चिंगदेचनच्या, म्हणजे जिथे ही भांडी घडायची त्या गावच्या, अधिकाऱ्यानं हुकूम काढला होता, की भांड्यावर बादशहाचं नाव घालायचं नाही, भांडं फुटलं की नाव उकिरड्यावर जायचं. म्हणून त्या काळातल्या कितीतरी अस्सल बरण्यांखाली नुसती वर्तुळं असतात, आत कोरं. आणि दोनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, त्याच घाटाच्या बरण्या परदेशी पाठवायला ढिगानं निघाल्या, तेव्हा हे चार अक्षरी नाव सर्रास घातलं गेलं. निव्वळ फसवायला असंही नाही. आपण नातवाला आजोबांचं नाव ठेवतो, तसं.

त्यांनी नक्षीकडे नंतर पाहिलं. आधी बरणी पालथी घालून बुडाच्या कडेवरून, जिथे झिलई नसते तिथून, बोट फिरवलं. जुनी कड तासून साफ केलेली असते. आपली खरबरीत, भट्टीची रेती चिकटलेली. मग निळा रंग. जुन्यात एकाच निळ्याच्या गडद-फिक्या छटा एकमेकींत मुरलेल्या दिसतात, आपला सपाट, जांभळट. मी शेवटचं अस्त्र काढलं : बुडाखाली इंग्रजीत 'चायना' लिहिलेलं नाही, म्हणजे 1891 च्या आधीची! बाई हसल्या. तो नियम अमेरिकेचा, तिकडे जाणाऱ्या मालापुरता. मुंबईला आलेल्या बरणीवर ते कोण लिहील?

आई जिला 'तडकलेली बरणी' म्हणायची ना, ते तडे म्हणजे फुटता बर्फ आणि वर आलुबुखारासारख्या झाडाची पांढरी फुलं. थंडी सरल्याची खूण. आत पाकातलं आलं भरून यायचं. आपण मात्र तिच्यात लिंबाचं लोणचं घालून जन्म काढला.

आता खरी गंमत. चिनी वाचायला मोबाइल पुरला, पण आजोबांची रोजखर्डी, म्हणजे रोजच्या हिशोबाची वही, मोडीत. ती वाचायला माणूस शोधावा लागला. आजोबा फोर्टातल्या पारशी पेढीवर कारकून होते एवढंच आपल्याला ठाऊक. शके 1850, आश्विन वद्य 30, लक्ष्मीपूजनाच्या पानावर त्यांच्या हातची ओळ आहे : 'शेटकडून बरणी 1, मुरंब्याची, रिकामी.'

रिकामी, दिल्या! त्या माणसानं बादशहाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. सगळा राजवाडा अण्णांनी बांधला आणि त्याला मजले मी चढवले.

म्हणजे वस्तू खोटी नाही. सव्वाशेच्या आसपास वर्षांची, चीनमध्येच घडलेली. पण अशा जगभर पडल्यात, आणि हिचं तर झाकणही नाही. पाटल्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. भाची म्हणत होती कॅनडाला नेऊन विकते. तेही नाही; शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे.

शुभीला अजून सांगितलेलं नाही. रोज फोन हातात घेतो आणि सुरेशरावांच्या पथ्याचं विचारून ठेवून देतो. पाटल्या तर केव्हाच मोडल्या. याच ब्लॉकच्या डिपॉझिटात गेल्या. तेव्हा तोळा चार हजारांच्या घरात होता. आजचा भाव तू रोज पेपरात बघतोसच. हिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग द्या ना, विचारताय काय?" आणि पोळ्या लाटायला लागली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? प्राजक्ताचं बंगळुरूचं नक्की झालं असेल तर कळव. वहिनींना नमस्कार.

आणि एक काम. यादी तुझ्या अक्षरात होती, पण माझ्याकडची प्रत सापडत नाही. सराफाकडे तोलायलाही तूच गेला होतास. पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या की पाच? मला चार आठवतंय, पण या बाबतीत माझ्या आठवणीवर मी विसंबणार नाही. लगेच कळव.

तुझा,
बाळ्या