घाई नाही, सवडीने बघा

पुणे, गुरुवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

आज भोसरी एमआयडीसीची सुट्टी, म्हणजे तू घरी असशील असं धरून लिहितोय. अर्थात हल्ली गुरुवारीही तू वर्कशॉपच्या गाळ्यावर असतेस, हे निखिल मागे बोलून गेलाच होता. पत्र डिंकाच्या लाडवांच्या डब्यात ठेवलंय. फोनवर लिहिलं असतं तर 'नंतर बोलू' म्हणाली असतीस आणि ते नंतर आलं नसतं.

रविवारी मी बोललो ते चुकलं. 'धंदा करतेस की अन्नछत्र चालवतेस' हे पोरांसमोर म्हणायला नको होतं. तुझ्या गाडीच्या कप्प्यात मी पीयूसीचा कागद शोधत होतो, हात लागला तो सोनेतारणाच्या पावतीला. वजन वाचलं आणि कळलं, आईने दिलेल्या पाटल्या. खालची तारीख दिवाळीच्या 4 दिवस आधीची. म्हणजे त्या पैशांतून गाळ्यावरच्या पोरांचे पगार आणि बोनस गेले. पाटल्यांबद्दल मी इथून पुढे एक अक्षर लिहिणार नाही. त्या तुझ्या आहेत.

तूही मग बोललीस. 'बाबा, तुम्ही 31 वर्षं दुसऱ्यांची बिलं अडवून बसलात, तुम्हाला नाही कळणार.' आईला वाटलं मला राग आला. राग नाही आला. घरी परत येताना रिक्षात मी मोजत होतो, खरंच किती बिलं अडवली असतील.

तेच सांगायला बसलोय. मी अडवणाऱ्या टेबलाच्या आतल्या बाजूला होतो, तिथून काय दिसायचं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

आमच्याकडे, कंपनीच्या अकाउंट्समध्ये, मंगळवारी चेक निघायचे. सोमवारी संध्याकाळी साहेब एक आकडा सांगायचे, या आठवड्यात इतकेच पैसे सोडायचे. पास झालेली बिलं नेहमी त्याच्या दुप्पट असायची. मग कोणाची काढायची? नियम म्हणशील तर जुनं बिल आधी. प्रत्यक्षात बाकावर जो बसलेला असेल त्याचं आधी. चिंचवडचे एक शीटमेटलवाले होते, दर मंगळवारी डबा घेऊनच यायचे. भांडण नाही, आवाज नाही. 'नमस्कार, माझी 3 बिलं आहेत, या तारखांची' एवढं म्हणून बसायचे. दुपारी दीडपर्यंत त्यांचा चेक तयार असायचा. त्यांचा कोणाला राग नव्हता, ऑर्डरीही कधी कमी झाल्या नाहीत. उलट परचेसवाले म्हणायचे, यांचा हिशेब चोख असतो, माल यांनाच द्या.

आणि लेथवर काम करणारे एक टर्नर होते. लुनावरून यायचे, बिलं औषधाच्या दुकानाच्या पिशवीत. काम इतकं बारीक की इन्स्पेक्शनवाले त्यांचा माल नुसता मोजून आत घ्यायचे. ते दारातूनच म्हणायचे, 'घाई नाही साहेब, सवडीने बघा.' मी त्यांची फाइल खाली ठेवायचो. वाईट हेतूने नाही गं. तेच सांगतोय, हेतू काही नसायचाच. त्यांनीच घाई नाही म्हटलेलं असायचं आणि शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं. घरी येऊन मी आईला सांगायचो, फार भला माणूस. 1997 साली त्यांनी लेथ विकला. शेवटचं बिल न्यायला आले, तेव्हाही तेच वाक्य म्हणाले. त्या दिवशी मी चेक हातात दिला. उशीर झाला होता.

रविवारी भांडणाच्या आधी गॅलरीत तू फोनवर बोलत होतीस. 'नाही नाही सर, घाई नाही, तुमच्या सोयीने बघा.' मी आत पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. त्या माणसाकडे तुझे 6 लाख 80 हजार अडकलेत ना? 5 महिने झाले. आणि त्याला तू घाई नाही म्हणतेस, ज्या आठवड्यात पाटल्या...

असो.

हे तुझ्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. पानशेत धरण फुटून आलेला पूर तू शंभरदा ऐकलायस. 12 जुलै 1961, मी 7 वर्षांचा, माझ्या आईचा, म्हणजे तुझ्या आजीचा, पदर धरून पर्वतीच्या पायऱ्या चढलो, जिजी कडेवर. ते सगळं परत सांगत नाही. वहीचं मात्र सांगतो, कारण ते आम्ही तुला अर्धंच सांगितलं. नारायण पेठेतल्या आमच्या दुकानात माझे वडील, अण्णा, पाणी ओसरल्यावर गेले तेव्हा गुडघाभर चिखल होता, गव्हाची पोती फुगून फाटलेली, वास असा की मला उलटी झाली. उधारीची लाल वही फडताळात सापडली. अण्णांनी तिची पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली, कपडे घालतात तशी. शाई सगळी उतरलेली. कुठे 'श्री' राहिला होता, कुठे नुसता आकडा, नाव नाही. दिवसभर ते एकेक पान उन्हाला धरून बघत होते.

पुढे काही गिऱ्हाइकं आपणहून आली, 'अण्णा, आमच्याकडे तुमचे इतके निघतात' म्हणून देऊन गेली. त्यांची नावं अण्णा मरेपर्यंत घ्यायचे. जी आली नाहीत त्यांचं नाव कधी काढलं नाही. गोखलेनगरला राहायला गेल्यावर त्यांतले एकजण तर आमच्या समोरच्याच ओळीत होते. रोज नमस्कार व्हायचा. त्यांच्याकडे किती बाकी आहे हे अण्णांना वहीशिवाय पाठ होतं, मला खात्री आहे. मागितले नाहीत. 'ज्याला द्यायचे तो देतो.' हे आपल्या घरात गीतेसारखं झालं. तुला झोपवताना मीच ही गोष्ट सांगायचो, अण्णा किती मोठ्या मनाचे होते म्हणून.

न सांगितलेला अर्धा भाग असा की माझी फी आजीच्या शिलाई मशीनवर निघाली. ब्लाउजला सव्वा रुपया. रात्री ती कंदिलाशी हुक लावत बसायची आणि अण्णा मोठ्या मनाने झोपलेले असायचे. एकदाच ती म्हणाली, 'भीड भिकेची बहीण असते, पण ती आपल्याकडे राहायलाच आलीय.' अण्णांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण मोठं मन अण्णांचं आणि हुका आजीच्या, हे मी पन्नाशी उलटल्यावर ओळखलं. तुझ्या घरातल्या हुका आता कोण लावतंय? निखिलचा पगार. तो काही बोलत नाही, आजीही बोलत नव्हती.

पाचवीत तू वर्गाच्या सहलीचे पैसे गोळा करायचीस. एका मुलीकडे मागायची लाज वाटली म्हणून तिचे 20 रुपये डब्यातून, म्हणजे तुझ्या गुल्लकातून भरलेस. आम्ही कौतुक केलं. आता वाटतं, तेव्हाच एक चापट मारायला हवी होती. नको, ते खोटं. मला तेव्हाही अभिमान वाटला होता, आणि कबूल करायचं तर आत्ताही वाटतो. तुझ्या ऑपरेटरांचा एकही पगार 4 वर्षांत एक दिवस उशिरा झाला नाही. खंडेनवमीला मी आलो होतो, दोन्ही व्हीएमसींना, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनींना, झेंडूच्या माळा, तुझा सेटर मला म्हणाला, 'मॅडमनी स्वतःचं थांबवलं, आमचं नाही थांबवलं.' मी मान हलवली. स्वतःचं थांबवलं म्हणजे काय थांबवलं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

तू पगार घेत नाहीस ना, मनू?

तुझा तो मशीनच्या ताशी दराचा तक्ता तू मला दाखवला होतास. भाडं, हप्ता, महावितरण, टूल, त्यांची बदलायची पाती म्हणजे इन्सर्ट, ऑपरेटर, सगळं होतं. तुझी ओळ नव्हती. त्यावर ताशी 450 निघत होते आणि समोरच्याने घासाघीस केली म्हणून तू 400 ला तयार झालीस. त्या तक्त्यात सर्वात स्वस्त वस्तू तूच होतीस, म्हणून तुलाच कापलंस. दर महिन्याच्या 1 तारखेला धंद्याच्या खात्यातून तुझ्या स्वतःच्या खात्यात 25 हजार जायला हवेत, ऑपरेटरांचे जातात तसे, आणि ते धरून दर सांगायला हवा. त्याच एका खात्यातून भाजी आणि त्यातूनच कार्बाइड इन्सर्ट, असं चालत नाही. वहीत मालकाच्या उचलीचं पान वेगळं असतं, ते अण्णांच्या वहीतही होतं. कॅश क्रेडिटमधून, म्हणजे सीसीतून, ओवीची शाळेची फी भरलीस हे मला निखिलकडून कळलं. सीसी म्हणजे बँकेचे पैसे, ते आपले नव्हेत, त्यावर रोजचं व्याज चढतं. अंथरूण पाहून...

झालं सुरू माझं. माफ कर. आई म्हणते मी निवृत्त झालो पण माझा शिक्का नाही झाला.

तरी एक सांगतो, कारण हे माझ्या टेबलावरचं आहे. मागणं म्हणजे याचना, असं तुझ्या डोक्यात आम्हीच घातलंय. 2006 चा लघुउद्योगांचा कायदा आहे. लेखी काही ठरलेलं नसेल तर 15 दिवसांत, ठरलेलं असलं तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. 2023 च्या बजेटात आणखी चाप लावला: मुदतीत दिलं नाही तर ते बिल खर्चात धरायचं नाही, ज्या वर्षी देतील त्या वर्षी धरायचं. म्हणजे त्यांचा टॅक्स वाढतो. तू व्याज माग असं मी म्हणत नाही. फक्त बिलावर उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योग म्हणून तुझ्या नोंदणीचा नंबर, आणि मुदतीची तारीख छापून घे, समोरच्या अकाउंट्सवाल्याला बरोबर दिसते. मला दिसली असती. आणि बिल फाडलं की न आलेल्या पैशांवरचा जीएसटी तू 20 तारखेला भरतेसच ना? सरकारला द्यायला तुला मुदत आहे, त्यांना तुला द्यायला नाही, हे कसं?

फोनवर 'घाई नाही' म्हणू नकोस. शीटमेटलवाल्यांसारखं बिल नंबर, तारीख, रक्कम आणि 'कोणत्या तारखेला येईल?' एवढंच. मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं कठीण जातं. आपण लगेच काहीतरी बोलून समोरच्याची सुटका करतो. मी सुद्धा करतो, दूधवाल्याशीसुद्धा.

सोमवारी तुझ्या त्या 6 लाख 80 हजारवाल्यांकडे जाशील का? मी येतो बरोबर. बोलणार काही नाही, डबा घेऊन बाकावर बसेन. त्या खोलीत कोणाचा चेहरा बघायचा ते मला कळतं. सीनियरचा नाही, चेक लिहिणाऱ्याचा. नको वाटलं तर नको. बाप घेऊन आली म्हणतील असं वाटत असेल तर मी खाली चहाच्या टपरीवर थांबतो.

रविवारचं तुझं वाक्य खरं होतं, एवढंच आईसमोर म्हणू नकोस. तिला अजून वाटतं मी फक्त सही करायचो.

ओवीला लाडू एकावेळी एकच दे, उष्ण पडतात.

तुझा,
बाबा

ता. क. पाटल्या सोडवायची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे? पावतीवर तो भाग दुमडलेला होता, मी उलगडला नाही. आईला सांगितलेलं नाही. माघात जिजीच्या नातवाचं लग्न आहे, तेव्हा ती विचारेल.

ता. क. 2. ज्यासाठी कप्पा उघडला होता ती पीयूसी सापडली. 9 तारखेलाच संपलीय.