टॉर्च धरणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर बोलायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहिते आहे.

तीन महिने गाडीने छळलं. सकाळी थंड असताना एका स्टार्टरला चालू व्हायची. पण तापलेली गाडी दहा मिनिटं बंद ठेवली की स्टार्टर नुसता घरघरायचा, पेट्रोलचा वास यायचा. दोन गॅरेजं झाली. प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, मग म्हणे फ्युएल पंप बदला. स्कॅनरवर एरर नाही म्हणजे सेन्सर चांगलेच, हे ठाम. कशावरून, एवढंच विचारलं तर "मॅडम, तुम्हाला नाही कळायचं." ते अजून सलतं.

तुम्ही मात्र मला कळेल हे धरूनच चाललात. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, टेम्परेचर सेन्सर माझ्याकडूनच काढून घेतलात, मल्टिमीटर माझ्याच हातात दिलात. 20 अंशांच्या पाण्यात 2,500 ओहम, ठीक. 80 अंशांच्या पाण्यात आकडा 300 च्या आसपास यायला हवा होता, तो 900 वरच अडला. म्हणजे तापलेलं इंजिनही गाडीतल्या कॉम्प्युटरला जेमतेम 50 अंशांचं वाटायचं आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडत राहायचा. 50 अंश हा काही अशक्य आकडा नाही, म्हणून एररही नाही! तीन महिन्यांचं कोडं एका भांड्यात सुटलं.

पण मला राहून राहून आठवतं ते नवा सेन्सर बसवतानाचं. जागा अडचणीची, पाना दोनदा निसटला. दोन्ही वेळा तुमचा हात पुढे आला आणि पान्याला न लागता मागे गेला. तुम्ही फक्त टॉर्च धरून उभे राहिलात, माझी बोटं जिथे जातील तिथे उजेड सरकवत. कनेक्टर टक्कन बसला तेव्हा म्हणालात, "हां, बसला." बस, तेवढंच. मदत करणारे पुष्कळ भेटतात हो, पण "सरक, मी करतो" न म्हणता थांबणारी माणसं फार थोडी. त्या संध्याकाळी घरी येऊन मी रडले, काका.

परवा भर उन्हात गाडी बंद करून दहा मिनिटांनी किल्ली फिरवली. पहिल्याच स्टार्टरला चालू झाली.

तुमच्या टॉर्चमध्ये नवे सेल घातले आहेत. रविवारी परत द्यायला येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची